शनिवारी आनलेलं स्टेरिंगचं तेल

बसा ताई, तिकडे नका बसू, तिकडून ऊन येते, हिकडे छपरीत बसा, अन् या लहानीकडे ध्यान नका देऊ, हे तुमचा पेन मांगन, नाई देला तं रडन, देला तं तोंडात टाकन. माहं नाव वैशाली, पन मले सारे वैशूच म्हनते. माहेर माहं आर्वीकडचं, लहानसं खेडं हाय, नाव सांगून बी तुमाले माईत नसन. बाबा सायकलवर बांगड्याची पेटी बांधून बाजार करे, आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, अन् आई घरी आमाले पाहे. मी मधली. अन् मी अशी भेदरट, काय सांगू तुमाले, आई म्हने का हे पोरगी पोटातच भेली असन कायले तरी. कुत्र्याले भेवो, पालीले भेवो, आभाळ गरजलं का गोधडीत घुसो, बाबाच्या पेटीतली बांगडी फुटल्याचा आवाज आला तरी छातीत धस्स होये. सातवीपर्यंत शाळा गावातच होती, तेवढी शिकली. आठवीले नाला ओलांडून पल्याडच्या गावाले जा लागे, नाल्याले पानी असलं का मी भेवो, पानी नसलं का तिथं झाडीत कोनी बसलं असन म्हनून भेवो, मंग सुटली शाळा. इंग्रजी म्हनसान तं अक्षरं समदे वळखू येते मले, पन मिळवून वाचाले गेलं का गडबडते. बाजारात कसं असते, एकेक मानूस वळखीचा असते, पन गर्दी कायची जमली ते समजत नाई, तसंच.

लग्न होऊन आली ते नाचनगावले. पुलगावले लागूनच हाय, तुमी आता त्याच रस्त्यानं आल्या असान. सासर तेलाचं. म्हंजे पहिले घाना होता बैलाचा, मंग मोटारीचा झाला, मंग दुकानच राह्यलं, डब्यातलं तेल अन् थोडं घान्याचं तेल, तीळ, जवस, भुईमूग, करडी. सासरे नव्हते, मी आली तवाच नव्हते. घरात आत्याबाई, म्हंजे माही सासू, मी त्याईले आत्याबाई म्हनते, भासरे म्हंजे याईचे मोठे भाऊ, अन् आमचे हे. भासऱ्याचं लगन झालं नव्हतं, झालं बी नाई, तो येगळा विषय हाय, जाऊ द्या.

आत्याबाईचं सांगते तुमाले. बुडी, म्हंजे म्हातारी, तेलाची परीक्षा हातावर करे. थेंब घे, तळहातावर घासे, नाकाशी ने, मंग एक डोळा बारीक करून सांगे, यात मिळवलं हाय. गावात कोनाच्या घरी भजे तळले तं रस्त्यानं जाता जाता म्हने, करडीत तळून राह्यले अन् सांगतीन भुईमुगात. लोक भेत तिले. अन् मी तं काय, मी तं तिची चप्पल दारात वाजली तरी पदर सावरून उभी राहो. तिनं मले कधी मारलं नाई हो, शिवी बी देली नाई, नुसती पाहे माह्याकडे, अन् माह्या हातातलं भांडं पडे.

आमचे हे दुकानात बसत, पन त्याईचं मन नाई लागे. गिऱ्हाईक आलं का तेल माप, नाई आलं का माशा हाकल. चेहरा असा का जसं कोनी मेलं. मंग एक दिवस म्हनाले लागले, मी गाडी घेतो. जुनी, दहा सीटची, पांढरी, अमरावतीकडच्या एकाची होती. दवाखान्याचे पेशंट सेवाग्रामले नेईन, लग्नाच्या वराती नेईन, यात्रेले जाईन. भासरे म्हनले, घे, पन एक लग्नसराई पाहीन, नाई चालली तं विकून टाकू अन् तू पुन्हा गल्ल्यावर बसजो. आत्याबाईनं गाडीले लिंबू-मिर्ची बांधली, पायरीवर तेलाचा थेंब टाकला, झालं.

मी गाडीले बी भेवो, खोटं काऊन सांगू. हे म्हनत, चाल, पुढं बस, पुलगावपर्यंत चक्कर मारून येऊ, तं मी मागं बसो, बाबूले छातीशी धरो अन् डोळे मिटून घेवो. बाबू म्हंजे माहा पोरगा, तवा मांडीवरचा होता, आता शाळेत गेला हाय, येईनच. पन एक गोष्ट सांगू का ताई, गाडी आल्यापासून आमचे हे आंघोळ करताना गानं म्हनाले लागले. पहिले कधी म्हनलं नाई. आवाज काही चांगला नाई त्याईचा, पन मी चुलीपाशी बसून आयको अन् मले हसू येये. म्हनून मले वाटे, भेव लागलं तं लागू दे, गाडी राह्यली पाह्यजे बाप्पा. गाडी गेली का हे पुन्हा त्या डब्याइच्या मधात डब्यासारखे बसतीन.

तं त्या गाडीले पावर स्टेरिंग होतं. आमच्या गावात तसली गाडी दुसरी नव्हती, हे मोठ्या मिजाशीनं सांगत, एका बोटानं फिरते पाहा. फिरे बी. मंग काही दिवसानं ते कन्हाले लागलं. गाडीनं वळन घेतलं का कुईं, कुईं, जसं कुत्र्याचं पिल्लू दबलं. पहिले मलेच आयकू आलं. मी म्हनलं, अवो, गाडी रडून राह्यली. हे हसले, म्हने तुले काय, तुले मांजर आडवं गेलं तरी रडू आयकू येते. भासरे म्हनले, हिचे कान भेदरट हायेत. मंग एक दिवस गाडीखाली तांबडा डाग दिसला आंगनात, अन् मी अशी किंचाळली का शेजारची बाई आली, मले वाटलं रक्त हाय, बाबूच्या आंगावर पाह्यलं, कोंबडी पाह्यली, काहीच नाई. गाडीतूनच गळे ते.

आता आयका, मुद्द्याचं आता सांगते. पुलगावच्या एका कापडवाल्या शेटच्या पोराचं लगन होतं, वरात हिंगनघाटले न्यायची, रविवारी सकाळी. नवरदेवाची गाडी म्हनून आमची ठरली. शेट म्हनले होते का ही वरात नीट नेली, तं मंग माह्या घरचं वर्षभराचं येनं-जानं तुलेच. भासरे म्हनले, ही वरात फसली तं मंग मी गिऱ्हाईक पाहून ठेवलं हाय गाडीले. असं तोंडावर म्हनले. त्या दिवशी याईचं आंघोळीले गानं नव्हतं.

अन् शनिवारी सकाळी गाडी चालू केली तं स्टेरिंग फिरेच ना. हे दोन्ही हातानं, पाय टेकवून, घाम फुटेपर्यंत ओढत, जसं विहिरीतून मोट ओढून राह्यले. पुलगावातून गफूर मिस्तरीले आनलं. म्हातारा मानूस, दाढी लाल, बोलनं हिंदी-मराठी कालवलेलं. त्यानं पाह्यलं, म्हने पाइप ढिला होता, तेल सारं गळून गेलं, पाइप मय कस देतो, तेल तुमी आना. आमचे हे म्हनले, मले तं वर्धेले जा लागते, नवरदेवाच्या सीटले नवीन कव्हर शिवाले टाकलं हाय, ते नाई आनलं तं शेट काय म्हनन, मी येतो दुपारनंतर. अन् गेले बसनं. पुरुषाचं असं असते पाहा ताई, स्टेरिंग फिरत नाई अन् हे कव्हर आनाले चालले.

मिस्तरीनं पाइप कसला, हात पुसले, अन् मले म्हने, बहू, मय दुपारपर्यंत हाय, मंग मले विजयगोपाल गावाकडे एक ट्रॅक्टर पाहाले जा लागते, उद्या मय नाई. तेल मंगवून घे. झाकनावर लिहलं हाय कोनतं ते, तेच पाह्यजे, दुसरं टाकलं तं आतलं रबर फुगते, पंप जाते, मंग माह्या बापाच्यानं बी सुधरत नाई. असं म्हनून ते चौकात चहा प्याले गेले. अन् मी उभी, कडेवर बाबू, समोर गाडी तोंड वासून, आतमधी स्टेरिंगच्या तेलाचं ते लहानसं डबकं रिकामं.

अन् शनिवार. तुमाले माईत असन, शनिवारी तेल विकत घेत नाई. सारेच नाई घेत, पन आमच्या घरात तं ते सोन्यासारखं पाळते. दुकान उघडं राहते पन गिऱ्हाईक नाई, लोक शुक्रवारी सांजेलेच नेऊन ठेवते, शुक्रवारी पाय ठेवाले जागा नसते अन् शनिवारी भासरे गल्ल्यावर डुलक्या घेते. आत्याबाईची तं आन हाय, सासरे होते तवापासून, शनिवारी या उंबऱ्यात विकतचं तेल येनार नाई. मी भासऱ्याले जाऊन म्हनलं, भाऊजी, पुलगावातून गाडीचं तेल आना लागते. ते एक डोळा उघडून म्हनले, आज शनिवार हाय, आईले विचार, अन् डोळा मिटला.

आत्याबाई आयकतच होती. ते म्हनली, विकत कायले आनाले पाह्यजे? तेलवाल्याच्या घरी तेलाचा दुष्काळ हाय का? अन् आत गेली.

मी म्हनलं काय करते आता ही बाई. तं ते आली बाहेर लोटी घेऊन. काठोकाठ. तिळाचं, घान्याचं, पिवळंजर्द, वासानं आंगन भरलं. मले म्हने, जवस चालत नाई, जवस वाळलं का चिकट होते, एरंडीचं गाडीबैलाच्या आसाले चालते पन हे बारीक काम हाय, याले तीळच पाह्यजे. तीळ ऊन बी लागू देत नाई अन् थंडी बी लागू देत नाई. माह्या बाळंतपनात माहे गुडघे तिळानंच फिरले, हे तं लोखंड हाय. अन् गाडीपाशी जाऊन, पदर खोचून, तिनं ते झाकन फिरवून काढलं, बाजूले ठेवलं, अन् लोटी वाकवली.

ताई, मले आजबी समजत नाई मी काय केलं. माहा हातच गेला. मी त्या डबक्याच्या तोंडावर पंजा ठेवला. तेल माह्या हातावर पडलं, मनगटावरून कोपरापर्यंत धार गेली, बांगड्या साऱ्या चोपडल्या, अन् मी डोळे मिटून म्हनून राह्यली, आत्याबाई नका टाकू, आत्याबाई नका टाकू, रबर फुगते, नका टाकू. बाबू रडाले लागला. लोटी थांबली. मी डोळा उघडला तं बुडी माह्याकडे पाहून राह्यली, तसंच, ज्या पाहन्यानं माह्या हातचं भांडं पडते. पन तवा माह्या हातात भांडं नव्हतं, हात डबक्यावर होता, तो मी काढला नाई. म्हनलं मारलं तं मारू दे.

ते म्हनली, माहं तेल वाईट हाय?

मी म्हनलं, नाई जी, तुमचं तेल लाख हाय, पन ते खायाचं हाय, हे गाडीचं हाय.

अन् शनिवारी विकत आनशीन?

मले शनीचं भेव नव्हतं का? मले तं साऱ्याचं भेव. मांडीवर लेकरू, अन् मी शनिवारी तेल विकत आनू, उद्या काही झालं तं जल्मभर आयकावं लागन. माह्या डोळ्यात पानीच आलं. मी म्हनलं, आत्याबाई, मले काही समजत नाई, पन उद्या वरात नाई गेली तं गाडी जाईन, अन् गाडी गेली तं हे पुन्हा तसेच होतीन. तुमी पाह्यलं नाई का ते कसे होते?

लोटी खाली ठेवली. मंग पुन्हा उचलली. मंग घरात गेली, अन् आली तं पायात चप्पल, लोटीवर फडकं बांधलेलं. म्हने, चाल. मी म्हनलं कुठं? म्हने, पुलगावले. विकत नाई घ्यायचं. तेल देऊन तेल घ्यायचं. पहिले लोक आमच्या दारात तीळ आनत अन् तेल नेत, तवा कोन पैसा पाहे? अदलाबदलीले शनि आडवा येत नाई.

मी ते झाकन पदरात बांधलं, डबक्याच्या तोंडावर बाबूचं धुतलेलं टोपडं घातलं, नाडी आवळून बांधली, माती नाई जावं म्हनून, अन् निघालो आमी. ऑटोत मी, मांडीवर बाबू, बाबूच्या बाजूले बुडी, बुडीच्या मांडीवर लोटी. ऑटोवाला म्हने, आजी, मारुतीले चालल्या का? बुडी म्हने, तू पुढं पाहून चालव, थेंब सांडला तं तुह्याकडून चाटून घेईन. मी पह्यल्यांदा तिच्यासमोर हसली. मंग भेली का हसली म्हनून, पन ते आपली लोटीच सांभाळत होती.

गाडीच्या सामानाचं दुकान टेशनच्या रस्त्याले होतं. दुकानदार तिशीतला, जाडा, गालात पान. मी म्हनलं, दादा, स्टेरिंगचं तेल पाह्यजे. तो म्हने, कोनती गाडी? मी म्हनलं, पांढरी. तो हसला, पन चांगला हसला, वाईट नाई. म्हने, अवो वहिनी, रंग नाई, हे घ्या, अन् त्यानं एक डब्बी ठेवली, हिरव्या तेलाची. म्हने, नव्या गाड्यात हेच टाकते. मी म्हनलं, आमची जुनी हाय. मंग म्हने, हे पाहा, अन् लाल तेलाची ठेवली. तिथं एक डायवर उभा होता, टायरवर पाय ठेवून, तो म्हने, काय वहिनी, ब्रेक ऑइल टाका ना, मी टाकून देतो नेहमी, काही होत नाई. दुकानदार म्हने, तुह्या गाडीचं काय, तुही गाडी धक्का मारूनच चालते, तिले रॉकेल टाक.

अन् आत्याबाईनं इकडं आपलं काम सुरू केलं होतं. काउंटरवर सारे डबे होते, तिनं दुकानदाराले म्हनलं, याचा एक थेंब दे. त्याचा एक थेंब दे. तळहात पुढं. तो बिचारा बुचकळ्यात, पन बुडीच्या डोळ्याकडे पाहून देत गेला. हिरवं घासलं, नाकाशी नेलं, म्हने, औषध हाय हे. ब्रेक ऑइल घासलं, म्हने, याले ना वास ना चिकनाई. लाल घासलं, म्हने, लाल तेल कधी असते का? लाल तं तर्री असते. मंग एक मोठा डबा होता, गियरचं तेल, जाड, काकवीसारखं. ते घासलं अन् बुडीचा चेहरा उजळला. म्हने, हे! याले आंग हाय. हे दे.

आता मी काय करू सांगा. दुकानदार म्हने, माय, ते गियरचं हाय. बुडी म्हने, तू कोनाले सांगून राह्यला, माहा जल्म तेलात गेला. दुकानदारानं हात वर केले, म्हने, घ्या बाप्पा, तुमची गाडी हाय, मी डबा विकाले बसलो. डायवर हसून राह्यला. बाबू गियरच्या डब्यावर थापा मारून राह्यला.

मी पदराची गाठ सोडली. झाकन काढलं. त्याच्यावर चिखल, तेल, धूळ, काळा लेप बसलेला. मी थुंकी लावून पदरानं घासलं, नवीन पदर होता, गेला तो, अजून डाग हाय. घासता घासता अक्षरं वर आले. मी एकेक वळखत गेली, मोठ्यानं, शाळेत म्हनत तसं. सुरवातीचे अक्षरं घासून पुसले होते, ते सुटले माह्यानं, पन शेवटी तीन मोठे होते, ए, टी, एफ. म्हनलं दादा, ए टी एफ कुठं लिहलं हाय? तो म्हने लालवर. मी म्हनलं, मी पाहते. तो म्हने, अवो मी सांगून राह्यलो ना. मी म्हनलं, नाई दादा, राग नका मानू, मले भेव लागते, मी पाहते. अन् झाकन त्या लाल डब्बीच्या बाजूले ठेवून, बोट ठेवून ठेवून, ए पाशी ए, टी पाशी टी, एफ पाशी एफ. मंग पुन्हा एकदा. मंग हिरव्यावर पाह्यलं, तिथं ते नव्हतं. दुकानदार म्हने, झालं का वहिनी समाधान? मी म्हनलं, अजून एकदा पाहते.

आत्याबाई म्हने, अक्षरानं तेल समजते का? हातानं समजते. त्या लालले काही आंग नाई, पानचट हाय.

अन् मले कुठून सुचलं देव जाने. मी म्हनलं, आत्याबाई, जवस काढल्यावर घाना पुसल्याबिगर तुमी तीळ टाकू देत होत्या का?

ते म्हने, कशी टाकू देईन? साराच घाना कडू होते. एकदा तुह्या सासऱ्यानं टाकला होता, मी त्याले रात्री जेवाले नाई देलं.

मी म्हनलं, जवस वाईट हाय का मंग?

म्हने, जवस काऊन वाईट? जवस जवसाच्या जागी.

मी म्हनलं, तसंच हाय जी. ज्या घान्याले जे लागलं, तेच. या गाडीचा घाना लालचा हाय.

बुडीनं तळहाताकडे पाह्यलं, तिथं चारी तेल कालवून गेले होते, कोन्तं कोन्तं ते तिले बी समजत नव्हतं. तिनं हात लुगड्याले पुसला. मंग दुकानदाराले म्हने, दे, लाल दे. अन् लोटी काउंटरवर ठेवली ठनकन.

तो म्हने, हे काय? बुडी म्हने, तीळ, घान्याचं. तो म्हने, आजी, मी तिळाचं काय करू, पैसे द्या. बुडी म्हने, शनिवारी मी तेल विकत घेत नाई. फडकं सोडून वास घे पहिले. त्यानं वास घेतला. आमच्या तेलाचा वास असा हाय ताई, का मानूस गप होते. डायवर बी वाकला वास घ्याले. दुकानदार म्हने, माह्या मायचे गुडघे लय दुखते. बुडी म्हने, कोमट करून लावजो, खालून वर नाई, वरून खाली. झालं. त्यानं डब्बी देली, लोटी ओतून घेतली, रिकामी लोटी पुसून परत देली.

घरी आलो तं मिस्तरी गाडीपाशीच, घड्याळ पाहून राह्यला. डब्बी हातात घेतली, फिरवून पाह्यली, म्हने, शाब्बास बहू, यही है. डबक्यावरचं टोपडं पाह्यलं अन् खो खो हसला, म्हने, आज तक ऐसी गाडी नहीं देखी. तेल ओतलं हळूहळू. मंग म्हने, आता कोनी तरी आत बसा, गाडी चालू करून स्टेरिंग इकडून तिकडे फिरवा, आतली हवा निघाली पाह्यजे, मी इथं डबक्यात पाहतो. हे नव्हते, भासरे दुकानात. मी म्हनलं मी नाई बाप्पा. मिस्तरी म्हने, गाडी कुठं जात नाई, चाकाखाली गुटके लावले हाय. मी म्हनलं नाई. तं आत्याबाईनं बाबूले माह्या कडेवरून ओढून घेतलं अन् म्हने, दुकानात एवढं तोंड चालवून आली, आता हात चालव.

बसली मी. जल्मात पह्यल्यांदा त्या सीटवर. मिस्तरीनं चाबी फिरवली, सारी गाडी थरथरली अन् तिच्यासंग मी थरथरली. फिरव म्हने डावीकडे. जड. मी दोन्ही हातानं ओढलं, रडकुंडीले आली. उजवीकडे फिरव. जड. अन् आतून ते कन्हनं, कुईं, कुईं. मिस्तरी म्हने, बुडबुडे निघून राह्यले, थांबू नको. मी फिरवत गेली, डावीकडे, उजवीकडे, तो थोडं थोडं ओतत गेला, आत्याबाई बाजूले उभी राहून म्हने, हळू, घान्यासारखं, झटका नको. अन् एका फेरीले, काय सांगू तुमाले, ते हलकंच झालं. एकदम. आवाज बी बंद. असं वाटलं का माह्या हातात चाक नाई, कनकेचा गोळा हाय. मी एका बोटानं फिरवलं. मंग उगाच पुन्हा फिरवलं. मिस्तरी म्हने, बस कर बहू, चाक घासतीन. मी म्हनलं, एकदा अजून.

हे सांजेले आले कव्हर घेऊन. गाडीत बसले, फिरवून पाह्यलं, बाहेर आले, म्हने कोनी टाकलं तेल? आत्याबाई म्हने, तुह्या बायकोनं. अन् घरात चालली गेली. हे माह्याकडे असे पाहत जसं मले पह्यल्यांदा पाहून राह्यले.

रविवारी वरात गेली. हिंगनघाटले वेळेवर पोचली, नवरदेव खुश, शेट खुश. मी घरीच होती अन् दिवसभर दर गाडीच्या आवाजाले दारात जावो. परत आली तवा अंधार पडाचा होता. भासरे ओसरीवरून उठले, गाडीचं दार उघडून आत बसले. याईले म्हने, चालू कर. चालू केली. त्याईनं स्टेरिंग इकडून तिकडे एकदा फिरवलं. मंग खाली उतरले, हात झटकले, म्हने, त्या गिऱ्हाईकाले नाई म्हनून सांगतो उद्या. अन् जेवाले बसले.

तवापासून आता हे असं हाय. मागच्या साली आमी पिपरीले, पिपरी मेघेले खोली केली, इथून सेवाग्राम जवळ पडते म्हनून, दवाखान्याचे पेशंट याईले नेहमीचे झाले. आत्याबाई नाचनगावलेच हाय, भासऱ्यापाशी, पन महिन्यातून येते, पुढच्या सीटवर बसून येते, मागं बसत नाई. गाडी तेच हाय, म्हातारी झाली आता. तेल मीच पाहते, बोनट उघडून, झाकन फिरवून, फडक्यानं पुसून. शेजारच्या बाया म्हनते, वैशू, तुले भेव नाई लागत का? लागते ना वो. आताबी लागते. हे वराती नेते तवा घरी येईपर्यंत मी जेवाले बसत नाई. या लहानीले ताप आला का रातभर तिच्या कपाळावर हात ठेवून बसते. ते काही जात नाई, माह्या आंगातच हाय ते. पन आता भेव लागलं का मी गोधडीत नाई घुसत, उठून पाहते काय हाय ते.

चहा घेतला नाई तुमी, निवून गेला पाहा, थांबा दुसरा ठेवते. नाई? बरं. मंग हे शेंगदाने तरी न्या, वाटेनं खासान. बाबूची शाळा सुटाची वेळ झाली, हे त्याले घेऊनच येतीन, पाहा आवाज आला, आमचीच गाडी हाय ते, मले दुरून समजते. देव तुमचं भलं करो ताई, तुमचे लेकरंबाळं सुखात राहो. उन्हाचं जासान तं डोक्यावर पदर घेजा, अन् पोचल्यावर फोन करजा, नाई तं मले झोप येनार नाई.